नगरसेवक आमच्या गल्लीत राहायला आले तर

मंडळी, आज दुपारी आईला धंतोलीच्या दवाखान्यातून घरी आणलं. गुडघ्याचे टाके अजून ताजे आहेत. बेसा भागातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशीच ऑटोवाल्यानं गाडी थांबवली. "साहेब, अंदर नाही जात. गिट्टीत चाक फसते."

मग आई माझ्या खांद्यावर भार टाकून शेवटच्या, आमच्या घरापर्यंत त्या सुट्या खडीतून चालत आली.

शेजारची गल्ली गुळगुळीत सिमेंटची आहे, कारण तिथे आमचे नगरसेवक राहतात. खरं सांगतो, त्या गल्लीतल्या लोकांचा मला हेवा वाटला. आईच्या प्रत्येक पावलागणिक तो वाढत गेला.

शेजारचे काका फाटकातून म्हणाले, "काहून तिकडं पाहून राहिला गा? नशीब आहे त्यायचं. आपल्या इथला प्लॉट रिकामाच आहे, नगरसेवक साहेबाले तो घ्यायले सांगू. मग पाह्य, रस्ता कसा धावत येते!"

मी लगेच म्हणालो, "चला काका, आजच सांगू."

आईनं पायरीवर बसून दम घेतला आणि विचारलं, "अन् मागच्या गल्लीतबी गिट्टीच आहे, तिथल्या म्हातारीनं कोणाले राहायले बोलवायचं रे?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. नगरसेवकानं फक्त स्वतःच्या दारापुरतं पाहिलं, याचा मला रागच आला नव्हता. ते दार माझ्या दाराशेजारी नाही, एवढंच खुपत होतं.

तुमचं काय? तुम्ही नगरसेवकाकडे रस्ता मागता, की त्याचा शेजार?