काकूंचा लांब हात

कॅमेऱ्याच्या दोन लेन्स बॅगेत घालून भाताची रोवणी चालू होती त्या बांधीकडे निघाले तेव्हा मला उगाचच हसू फुटत होतं. कॉलेज सुटल्यावर मी भंडाऱ्यातल्या एका फोटो स्टुडिओत काम करायचे. तिथल्या दादांनी त्या एका रविवारापुरत्या दिल्या होत्या. "वापरून पाह्य, मंग सांग कोणती मागवू."

घरातली कॉलेजात गेलेली मी पहिलीच. काही निवडायचं म्हटलं की खूप वाचते आणि तरीही घाबरते. पण मला लेन्स कशाला हवी, हे मात्र पक्कं होतं. रोवणीला वाकण्याआधी मायच्या टोळीतल्या बाया चिखलात रांगेनं उभ्या राहतात. फोटो तेव्हाच काढायचा, नंतर कोणी थांबत नाही. उभं राहायचा धुरा, म्हणजे बांध, अरुंद; त्याच्या मागे बोडी, छोटं तळंच. गेल्या वर्षी सगळ्यांना फोटोत घ्यायला मी मागे सरकत सरकत पाण्यात पडले. कॅमेरा तेवढा वर धरला. एवढं करूनही कडेला उभ्या शेजारच्या काकू कापल्या गेल्या, आणि तेव्हापासून माझ्याशी तुटक बोलत होत्या.

"यंदा मले घेशील, का पुन्हा पाण्यात जाशील?" काकूंनी चिखलातूनच विचारलं.

आधी झूमची लेन्स लावली. वाचून वाचून मी तीच ठरवली होती. तिच्यात काकूंचा पदर आला, काकू नाही. घाईघाईनं दुसरी, जास्त रुंद दाखवणारी लेन्स लावली. आता सगळं आलं! अख्खी रांग, पळसाचं झाड, माझ्या पायाचे अंगठेसुद्धा! आणि काकूही, सबंध.

फक्त त्यांचा हात भलताच लांब झाला होता. अशा लेन्समध्ये कडेची माणसं ताणली जातात हे मी वाचलं होतं. त्या कडेला काकू असतील हे डोक्यात आलं नव्हतं.

दाखवू की नको? तेवढ्यात त्यांनी पदराला हात पुसून कॅमेरा घेतलाच.

"अवो माय! हा माहा हात?" काकू खदखदून हसल्या. "एवढ्या हातानं तं धुऱ्यावरूनच रोवून टाकीन!"

"मंग आमी घरी जातो," माय म्हणाली.

सगळ्या इतक्या हसल्या की एकीच्या हातातली रोपांची पेंडी चिखलात पडली. मग प्रत्येकीला लांब हात हवा झाला. कडेला उभं राहायला ढकलाढकली सुरू.

काकू हलल्या नाहीत. "हे जागा माही आहे. मागच्या साली इथंच उभी राहून कापून घेतलं मी."

मी धुऱ्यावरूनच दादांना फोन लावला, "रुंदवाली मागवा, दादा."