‘मासे खायला नेतो म्हणून सांग’

तासबोलात नावाचा माणूस आमच्या थिएटरचा प्रॉम्प्टर होता. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, प्रेक्षकांकडे पाठ करून एक लाकडी पेटी असते, तिच्यात तो बत्तीस वर्षं बसला. प्रेक्षकांना त्याचं तोंड कधी दिसलं नाही. आम्हाला मात्र अडखळलं की दुसरं काही दिसायचं नाही. मी चार राण्या केल्या, कितीतरी सुना केल्या, एक वेडी म्हातारी केली. टाळ्या मला मिळाल्या आणि वाक्यं त्याने दिली. पहिल्या रांगेलाही कळू नये आणि माझ्या कानात मात्र अचूक पडावं, अशी कुजबुज पुन्हा कुणाची ऐकली नाही.

आमच्या किझिलोर्दा शहरात आज कुणाला त्याचं नाव विचाराल तर सांगता येणार नाही. पण या माणसाने आयुष्यात एकदा भूमिका केली, आणि ती मी बसवली होती. म्हणून हे लिहायचं काम माझ्याकडेच येतं.

त्याची बायको झिलिखा आमच्याच कपडेपटात शिवणकाम करायची. अराल्स्क बंदरातल्या कोळ्यांची मुलगी. बाप युद्धावरून परत आला नाही, आई मासळीच्या कारखान्यात, त्यामुळे कोसमुरात नावाचा धाकटा भाऊ हिच्याच पाठीवर वाढला. अक्षरशः पाठीवर. ती मला, थोरल्या बहिणीला सांगावं तसं, सांगायची, “आपा, मला पोक आलंय ना, ते शिवणाने नाही, त्या गाढवाने आलंय.” गाढव तोवर तीस वर्षांचं होऊन स्वतःच्या नावेचा नाखवा झालं होतं.

नऊ वर्षं ती नवऱ्याच्या मागे लागली होती. शनिवार-रविवार अराल्स्कला जाऊ, बंदरावरच्या खानावळीत दोघंच टेबलाशी बसून साझान खाऊ. साझान म्हणजे तिकडचा मोठा, गोडसर मासा. लाटून उकडलेल्या पिठाच्या चौकोनांवर ठेवतात आणि वरून कांद्याचा रस्सा. आईकडे ते मिळायचंच, पण तिला शहरातल्या जोडप्यांसारखं खानावळीत खायचं होतं. तासबोलात म्हणायचा, “मासा तोच, पाणी तेच, मग टेबलाचं काय कौतुक?” ती कपडेपटात येऊन आम्हाला सांगायची, “यांचं बाहेर म्हणजे अंगण. फार लांब जायचं झालं तर फाटकापर्यंत.”

एकाहत्तरच्या जूनमधला शुक्रवार होता. दुपारी बाराच्या सुमाराला रखवालदाराने तासबोलातच्या हातात तार दिली. ती वाचून तो सरळ माझ्या खोलीत आला. झिलिखा दोन भिंतींपलीकडे मशीन चालवत होती, तिचा आवाज येत होता. तार तिच्या चुलत्याची, सादिरबाय यांची होती. वादळात नाव उलटली. कोसमुरातचं प्रेत सापडलं. दफन शनिवारी दुपारी एकला, त्याच्या आत झिलिखाला घेऊन ये, चेहरा बघू दे. तिला काही सांगू नकोस.

आमच्यात मरणाची बातमी कुणी वाटेत अंगावर टाकत नाही. माणूस घरी पोचला पाहिजे, चार वडीलधारे भोवती बसले पाहिजेत, मग त्यांच्यातला एक आडून आडून सांगतो, उडून गेलेल्या ससाण्याबद्दल, सुटलेल्या दोराबद्दल, आणि ऐकणारा हळूहळू समजतो. तोवर आणणाऱ्याने तोंड मिटून ठेवायचं. जूनमध्ये प्रेत थांबत नाही, म्हणून एकची वेळ पक्की होती. आणि आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. घरातून जनाजा निघाला की बहिणीला भाऊ संपला.

“आपा, काय म्हणून नेऊ तिला?” तासबोलातने विचारलं. “मला खोटं बोलता येत नाही.”

“मासे खायला नेतो म्हणून सांग,” मी म्हणाले.

मला ते चटकन सुचलं आणि खरं सांगायचं तर सुचल्याचा आनंदही झाला. नाटकवाल्यांना चांगला प्रसंग हाती लागला की होतो तो. मी त्याला सामानाच्या खोलीत नेलं, ढाली आणि खोट्या सिंहासनांच्या मध्ये उभं केलं आणि अर्धा तास तालीम घेतली. तिच्या डोळ्यांत बघू नको, कपाळाकडे बघ. थोडं कुरकुरत सांग, एकदम गोड बोललास तर तिला संशय येईल. आणि एक गोष्ट तीन-तीनदा घोटून घेतली, “ती जे म्हणेल त्याला हो म्हण. नाही म्हणालास की ती ‘का’ विचारेल, आणि ‘का’ला तुझ्याकडे उत्तर नाही.” स्टेशनवर कुणी घ्यायला येऊ नये अशी उलट तारही मीच पाठवली. नातेवाइकाचं तोंड पाहिलं की तिला कळलं असतं. त्यांच्या मुलीला दोन दिवस मी माझ्याकडे ठेवून घेतलं.

मग मी दाराआडून ऐकलं.

“आज संध्याकाळची गाडी आहे,” तो कुरकुरत म्हणाला. “तुझं ते मासे मासे ऐकून कान किटले. चल एकदाची.”

मशीन थांबलं. “कुठे?”

“अराल्स्कला. आणखी कुठे?”

“ताप आलाय का तुम्हाला?” झिलिखा म्हणाली. कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “निळा झगा इस्त्री करते.”

पेटीतल्या माणसाने पहिल्याच एंट्रीला प्रेक्षागृह जिंकलं. मला, देव क्षमा करो, अभिमान वाटला.

पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, त्याने त्याच हिवाळ्यात, तिने पुष्कळ वर्षांनी. दोघांचं जुळतं.

त्या काळी आमची रेल्वे मॉस्कोच्या वेळेवर चालायची. स्टेशनातलं घड्याळ मॉस्कोचं, बाहेरचं ऊन आमचं, मध्ये दोन तासांचा फरक. तासबोलात काट्याचा पक्का. स्टेशनात शिरला की मनगटावरचं घड्याळ दोन तास मागे करायचा, उतरला की पहिलं काम ते पुढे करायचं. शुक्रवारी संध्याकाळी त्याने ते मागे केलं. तिकिटाच्या खिडकीवर झिलिखाला दूर सामानापाशी उभं करून तार दाखवली, तेव्हा कुठे ऐनवेळी दोन जागा मिळाल्या. ती म्हणाली, “उन्हाळ्यात, शुक्रवारी, खिडकीजवळची जागा? कुणाच्या पाया पडलात?”

“ओळख काढली,” तो म्हणाला. तिच्या कपाळाकडे बघत.

गाडीत ती गप्प बसली नाही. कोसमुरातसाठी तिने लोकरीचे मोजे विणले होते, ते पिशवीत सर्वांत वर होते. “त्याला आधी नाही कळवायचं. बंदरावर गाठू. मला टेबलाशी बसलेली बघून म्हणेल, ही कोण बाईसाहेब?” समोरच्या बाकावरच्या म्हातारीला तिने सांगितलं की आमच्या यांनी नऊ वर्षांनी तोंड उघडलं. म्हातारी म्हणाली, “माझ्याने तर उघडलंच नाही गं, तसाच गेला.” झिलिखा हसली. तासबोलात उठून डब्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

अराल्स्कला उतरले तेव्हा स्टेशनच्या घड्याळात आठ वाजले होते आणि त्याच्या घड्याळातही आठच. बाहेर दहा वाजले होते. ऊन चांगलंच चढलं होतं. फलाटावर बायका धुरावलेले मासे माळेत ओवून विकत होत्या, ओरडत होत्या. त्याच्या हातून ते पहिलं काम राहिलं. पाच तास आहेत, असा त्याने हिशेब केला. होते तीन.

“घरी जाऊ या,” तो म्हणाला.

“घरी गेलं की संपलं,” झिलिखा म्हणाली. “आई मेंढा कापायला लावेल, चुलते जमतील, सोमवारपर्यंत कोण सोडणार आहे? आधी खानावळ. तुम्हीच म्हणालात ना मासे खायला?”

तिला कशालाच ‘नाही’ म्हणायचं नाही. हे त्याला मीच शिकवलं होतं.

ती आधी बंदरावर गेली. समुद्राचं पाणी धक्क्यापासून मागे सरलं होतं. जिथे ती लहानपणी पाय सोडून बसायची तिथे खाली चिखल वाळला होता आणि त्याला भेगा पडल्या होत्या. त्या वर्षी आम्ही समजायचो की पाणी परत येईल. तासभर ती कोसमुरातची नाव शोधत होती. “गेला वाटतं लवकर,” म्हणाली. धक्क्यावर जाळी शिवणाऱ्या दोन माणसांनी तिला ओळखलं, टोप्या काढल्या आणि पुन्हा जाळ्यात डोकं घातलं. “शहरात राहिलं की मान मिळतो बघा,” ती नवऱ्याला म्हणाली. “आधी हेच मला कालवं फेकून मारायचे.”

खानावळीत पनार नावाची बाई होती, झिलिखाबरोबर शाळेत शिकलेली. त्या दोघांना दारात बघून तिच्या हातातला डाव तसाच राहिला.

“तू इथे?”

“का, मला बंदी आहे?” झिलिखा खिडकीपाशी बसली, टेबलावरून हात फिरवला. “साझान आण. मोठा. आणि जरा हास, लग्नात आंबट दूध वाढायचीस तसं आंबट तोंड करून वाढू नको.”

“आईकडे जेव की.”

“आईकडे उद्या.”

पनारने तासबोलातकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. तिलाही रीत ठाऊक होती. सगळ्या गावाला ठाऊक होती. ती आत गेली. मासा शिजायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागलाच. नंतर पाण्याचा जग घेण्याच्या निमित्ताने तासबोलात आत गेला तेव्हा ती चुलीशी उभी राहून रडत होती.

“एकच्या आत पोचवा तिला,” ती म्हणाली. “सकाळपासून तिचीच वाट बघतायत.”

“पोचवतो. आहे वेळ.”

त्याने घड्याळ दाखवलं नाही, नुसतं स्वतः बघितलं. दहा वाजून दहा मिनिटं. दुसऱ्या कुणाच्या घड्याळात बघितलं असतं, सावलीकडे बघितलं असतं, अंगात घाम कशाने आलाय एवढं मनाला विचारलं असतं तरी कळलं असतं. मला नेहमी वाटतं, त्याला ते घड्याळ हवं होतं. टेबलाशी बसलेली ती बाई त्याने नऊ वर्षांत अशी पाहिली नव्हती, आणि तिच्याकडे आता असा थोडाच वेळ उरलाय हे त्या खानावळीत फक्त त्याला आणि चुलीपाशी रडणाऱ्या बाईला माहीत होतं. पण हे माझं मत झालं. तो एवढंच म्हणाला, “आपा, मी विसरलो.”

झिलिखाने सगळा मासा खाल्ला. गालाचा मऊ तुकडा काढून त्याच्या ताटात ठेवला. “खा हो. रडताय काय, काटा लागला?”

“कांदा,” तो म्हणाला.

“शिजलेला कांदा?” तिने विचारलं आणि हसली. मग बोटं चाटून रस्सा पुसून घेतला.

कोळीवाडा गावाच्या दुसऱ्या टोकाला. ते चालत निघाले. वाटेत एका बाईने झिलिखाला मिठी मारली आणि घट्ट धरून ठेवली. तेव्हा पहिल्यांदा तिचं बोलणं थांबलं. गल्लीच्या वळणावर तिला दिसलं की आईच्या अंगणात पांढरा तंबू उभा आहे. आमच्यात घरासमोर तंबू दोनच कारणांनी उभा राहतो, आणि लग्न असतं तर तिला कळवलं असतं. आतून बायकांचे आवाज येत होते. अंगणात पुरुष एकही नव्हता. म्हाताऱ्या सादिरबायना चालवत नव्हतं म्हणून ते तेवढे मागे राहिले होते, ओट्यावर, काठीवर हनुवटी टेकून.

ते उठायला लागले. त्यांनी रात्रभर जागून शब्द जुळवले होते, ससाणा आणि दोर. पहिला शब्द निघाला तोच झिलिखा म्हणाली, “काका, राहू दे. कोण?”

“कोसमुरात.”

“कुठाय?”

सादिरबायनी काठीने टेकडीकडे दाखवलं. टेकडीवर माणसांचा काळा ठिपका होता. “पाऊण तास थांबलो पोरी. ऊन फार होतं.”

ती धावली नाही. तिने नवऱ्याकडे वळून विचारलं, “तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?”

“काल दुपारपासून.”

तिने स्वतःचे हात नाकाशी नेले. मग तंबूच्या बाजूला ठेवलेल्या तांब्यातून पाणी घेऊन हात धुवायला बसली. बायका बाहेर आल्या, तिला उठवायला बघत होत्या, ती हात धूतच होती. तासबोलातने त्या वेळी मनगटाकडे पाहिलं. बारा वाजायला पाच मिनिटं होती.

लोकांना वाटेल ती त्याला सोडून गेली. नाही. बावीस वर्षं एकत्र राहिले, मुलगी वाढवली, तिचं लग्न केलं. त्याच्यावर ती कधी ओरडली नाही. माझ्यावरही नाही. मी रडत तिच्या पाया पडायला गेले, तर म्हणाली, “आपा, झग्याची कड सुटलीय तुझ्या, काढून दे.” मासे तिने पुन्हा शिजवले नाहीत. मोजे लोकरीच्या पेटीत राहिले.

बदल एकच झाला. तासबोलात बाजारातून खरबूज घेऊन आला, मुलीसाठी रिबन आणली, सिनेमाची दोन तिकिटं काढली, की ती हातातलं काम टाकून पांढरी व्हायची आणि विचारायची, “कोण गेलं?” कुणी गेलं नाही, असं त्याला शपथेवर सांगावं लागायचं. मग त्याने आणणं सोडलं. त्याच्यासारखा चिक्कू नाही, असं थिएटरात लोक हसायचे. तो पगार तिच्या हातात न देता कपाटावर ठेवायचा. तिच्या वाढदिवसालाही तो रिकाम्या हातांनी, खोकत, पायांचा आवाज करत घरी जायचा. पेटीत मात्र तसाच नेमका होता. मरणाचे प्रसंग आले की त्याची कुजबुज थोडी लवकर यायची, एवढंच. आम्ही समजून घ्यायचो.

त्र्याण्णव साली, सकाळच्या तालमीत, दुसऱ्या अंकात मला शब्द आठवेना. मी पेटीकडे बघितलं. तो वहीवर डोकं ठेवून होता.

त्याला आम्ही मेकअपच्या खोलीतल्या कोचावर निजवलं. डॉक्टर येऊन गेले. झिलिखा तेव्हा निवृत्त होऊन घरीच शिवण करायची. व्यवस्थापक नवीन, भला माणूस. तो म्हणाला, “राणीचा अंगरखा फाटलाय, तातडीने शिवायला या, असा निरोप धाडू. इथे वडीलधारे जमवतो, मग सांगू.”

“नाही,” मी म्हणाले. “मी जाते.”

सहा गल्ल्या चालत गेले. दार उघडंच होतं, ती खिडकीपाशी शिवत बसली होती. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि दोन्ही हात तिला दिसतील असे पुढे धरले, रिकामे.

“झिलिखा, तासबोलात गेला. आत्ता, तालमीत. पाऊण तास झाला.”

तिने सुई कापडात टोचून ठेवली.

“चेहरा झाकलाय?”

“नाही.”

“झाकू देऊ नका,” ती म्हणाली आणि चपला घालायला वाकली.