सोनाटा आणि पुढच्या रांगेतला वन्स मोअर

संगीत भुकेपेक्षा मोठं असतं, असं मी माझ्या मुलीला ती लहान असल्यापासून सांगत आलो आहे. गेल्या वर्षी टेक्सासमधल्या प्लेनोच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात तिने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि दोन मिनिटांत निम्मं सभागृह जेवणाच्या रांगेत जाऊन उभं राहिलं. यंदा तिने बजावलं, "बाबा, या वेळी लोक उठले तर आय ॲम डन. व्हायोलिन विकून टाक." ती सोळा वर्षांची आहे आणि धमक्या खऱ्या करते.

तिने निवडला होता अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच व्हायोलिनवादकाचा सोनाटा. त्याचं चरित्र वाचून मी इतका पेटलो की निवेदन स्वतःकडे मागून घेतलं. हा माणूस आधी लेस विणायला शिकला, मग नाचला, मग व्हायोलिनकडे वळला. त्याचं संगीत छापण्यासाठी बायको तांब्याच्या पत्र्यावर कोरायची. म्हातारपणी स्वतःच्याच दारात त्याला कुणीतरी भोसकलं. संशय बागेतल्या माळ्यावर आणि पुतण्यावर. त्याच काळात शनिवारवाड्यात काकाच्या कारस्थानात पुतण्या गेला. पॅरिसमध्ये प्रकार उलटा. निवेदनात हे ऐकून सभागृहातले सगळे काका जरा सावरून बसले.

दीपप्रज्वलन आणि प्रायोजकांच्या शाली उरकेपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली होती. सोनाट्याचे भाग चार. पहिला संथ. मी विंगेतून खुर्च्या बघत होतो. कुणी उठलं नाही. दुसरा भाग जलद. गज असा धावला की माझ्या अंगावर काटा आला. तो संपताच पुढच्या रांगेतून निवृत्त डॉक्टरकाका गरजले, "वन्स मोअर!"

असं मध्येच ओरडायची पद्धत तिकडच्या संगीतात नाही, आपल्या नाट्यसंगीतात आहे. मुलीने घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी बोट गोल फिरवलं: पुन्हा. तिने पुन्हा वाजवलं. पुन्हा "वन्स मोअर!", आता अख्खी रांग. तिसऱ्यांदा ती हसत वाजवत होती आणि काकू मांडीवर ताल धरत होत्या, तोही बरोबर. उरलेले दोन भाग राहूनच गेले. टाळ्या मात्र सगळ्यांनी उभं राहून वाजवल्या.

"बाबा, दे स्टेड! तिसऱ्यांदा किती फास्ट वाजवलं, ऐकलंस?"

"मग विकायचं ना व्हायोलिन?"

"आर यू क्रेझी?"

जेवणाच्या रांगेत मी डॉक्टरकाकांचा हात धरला. "काका, एवढं आवडलं?"

"झकास वाजवते रे पोरगी! आणि मंडळाची सेक्रेटरी कानात सांगून गेलीच होती, अजून पंधरा मिनिटं खेचा म्हणून."

पुऱ्यांची व्हॅन टोलवेवर पंक्चर झाली होती.