शमीमचाचींनी न घेतलेलं माप

शमीमचाची गेल्याचं त्यांच्या सुनेनं, रुखसानानं, फोनवर कळवलं तेव्हा मी साताऱ्यात कचेरीत होते. रडू आलं नाही. आधी भीती वाटली... जाताना त्या कुणाला काही बोलल्या तर नसतील? लिहायला लाज वाटते, पण आधी तेच मनात आलं. एकोणीस वर्षांची असताना फलटणला नात्यातल्याच एका माणसानं माझ्यावर बलात्कार केला. हे फक्त चाचींना माहीत होतं.

चाची आमच्या फलटणच्या घरामागच्या गल्लीत ब्लाउज शिवायच्या. त्या घटनेनंतर काही महिन्यांनी चुलतबहिणीचं लग्न निघालं आणि आईनं मला माप द्यायला पाठवलं. खांद्याला टेप लागली मात्र, मी अशी मागे सरकले की टाचण्यांचा डबा लवंडला. चाचींनी टाचण्या वेचल्या, दाराची कडी मलाच लावायला सांगितली आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. "तूच घे माप. आकडं सांग, मी लिवते."

मी खोटे आकडे सांगितले. सगळीकडे दोन-दोन इंच जास्त. अंग झाकलं जावं, एवढंच डोक्यात होतं. त्यांच्या ते लक्षात आलं नसेल हे शक्यच नाही, तरी त्यांनी तसंच शिवलं. आई तणतणत मला त्यांच्याकडे घेऊन गेली. "आवं भाबी, ह्ये पोतं शिवलंय व्हय?"

"माजंच चुकलं, ताई," चाची म्हणाल्या. गावभर त्यांच्या हाताचं नाव होतं, आणि माझ्यासाठी त्यांनी ते खराब होऊ दिलं. दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले आणि त्यांना सगळं सांगितलं.

तक्रार करायची असली तर संगं येते, असं त्या म्हणाल्या. माझी हिंमत झाली नाही, त्यांनी जबरदस्ती केली नाही. मला माझ्या अंगाची किळस येते, असं एकदा बोलले तेव्हा मात्र रागावल्या. "त्या अंगानं काय वाकडं केलंय गं तुजं? त्येच्यावर कशाला राग? त्येनंच तर तुला जित्ती ठेवली." दर दिवाळीआधी माप घ्यायला बोलवायच्या, दर वेळी पाठ करून बसायच्या. खरा आकडा सांगायला मला चार वर्षं लागली. त्यांनी तो लिहिला आणि चहा टाकला.

रुखसानाला भेटायला गेले तेव्हा स्टँडवरून रिक्षा केली. रस्ता त्या माणसाच्या घरावरूनच जातो. ओढणीत तोंड लपवून बसले, या वयात. रुखसाना म्हणाली, "अम्मी तुमच्यासाठी लय दुवा मागायच्या. का, ते कवा बोलल्या न्हाईत."

परतीच्या एसटीत सुटल्यासारखं वाटलं. वाठारच्या आसपास मात्र धसकाच बसला. आता हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही... पुन्हा स्वतःचा राग आला, तर मला दटावणारं कुणी उरलेलं नाही. लोकांना कळेल या भीतीत इतकी वर्षं काढली, आणि आता कुणालाच कळणार नाही याची भीती वाटत होती.

म्हणून हे वर्तमानपत्रासाठी लिहिलं, माझ्या नावानिशी. आई आता साताऱ्यात माझ्याकडेच असते, आणि रविवारची पुरवणी तीच आधी उघडते. तिला छापील कागदावरून कळायला नको. ती आत्ता मधल्या खोलीत मेथी निवडत बसली आहे. कागद इथंच ठेवते आणि तिच्याजवळ जाऊन बसते.