वहिनीने डूख धरला

माझ्या वहिनीने दोन वर्षं डूख धरला. या गोष्टीत मी कुठे उभी होते तेही आधीच सांगून टाकते: तिच्या विरुद्ध बाजूला. नणंदेने भावजयीची गोष्ट सांगणं म्हणजे मांजराने उंदराची सांगण्यासारखं आहे, हे मला कळतं. पण आमच्या घरात दादाला बोलायचा कंटाळा आणि वहिनीला बोलायची गरज वाटत नाही, तेव्हा उरले मी.

आम्ही तिघंही साबणाच्या कारखान्यात. दादा फिटर, मी रॅपिंगला, आणि वहिनी विद्युत विभागात. ती दुसऱ्या कारखान्यातून आमच्याकडे आली, दादाला आवडली, आणि वर्षाच्या आत माझ्या शेजारच्या खोलीत राहायला आली. कारखान्यात सगळे तिला मॅडम म्हणायचे. दादाला त्याच्या टोपणनावाने हाक मारायचे, मला तर नुसतं "ए". यात तिचा काय दोष? काहीच नाही. पण मी तिला पाण्यात पाहायचे ते तेव्हापासून.

तिचं काम समजायला सोपं आहे, करायला अवघड. प्रत्येक यंत्राशेजारी एक लोखंडी कपाट असतं आणि त्यात पुस्तकाएवढा एक डबा, पीएलसी. मोटर कधी फिरवायची, झडप कधी उघडायची, हे तो डबा ठरवतो. आमच्याकडे असे अकरा डबे होते, आणि ते एका घरातल्या अबोला धरलेल्या जावांसारखे आपापल्या कोपऱ्यात बसलेले. मिक्सर रिकामा झाला की माणूस पळत जाऊन मिलवाल्याला सांगायचा, मिलवाला ओरडून प्रेसवाल्याला. वहिनीने दीड वर्ष खपून या अकरांना इथरनेटच्या वायरीने एकमेकांशी बोलायला लावलं. पोटमाळ्यावर सरपटत जाऊन वायर ओढली, मोटरच्या वायरीपासून वीतभर लांब ठेवून. मग कंट्रोल रूममधल्या एका स्क्रीनवरून सगळा कारखाना दिसायला लागला, आणि चालूबंदही करता यायला लागला.

अशा जाळ्यात प्रत्येक डब्याला आपला पत्ता असतो, चार आकड्यांचा. एका पत्त्यावर दोन डबे चालत नाहीत. निरोप कुणाला जाईल याचा नेम राहत नाही. म्हणून वहिनीचा एक नेम होता. नवा डबा जोडण्याआधी ती लॅपटॉपवरून त्या पत्त्याला हाक मारायची. कुणी ओ दिली तर घर भरलेलं, दुसरं शोधा. ओ आली नाही तर दिवसभरात आणखी दोनदा हाक मारायची, कारण एखादं यंत्र जेवणाच्या सुट्टीत बंद असलं तर त्याचा डबा ओ देत नाही आणि घर रिकामं वाटतं. मग पत्त्याची चिठ्ठी निळ्या शाईने लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची. लोक हसायचे. "मॅडम, भाडेकरू ठेवताय का?" ती म्हणायची, "हो, आणि तुमच्यापेक्षा शहाणे."

तिचा साहेब मात्र हसत नसे, तो चिडायचा. त्याला आम्ही टायसाहेब म्हणायचो, कारण साबणाच्या भुकटीतही त्याचा टाय सुटत नसे. उंटावरचा शहाणा. तीन वेळा हाक मारायला दिवस जातो आणि दिवस घालवायला कंपनी पगार देत नाही, असं तो चारचौघांत तिला सुनवायचा. मुख्य कचेरीतले लोक यायचे तेव्हा हेच जाळं "मी उभारलं" म्हणून दाखवायचा.

असेच एकदा सकाळी पाहुणे आले. टायसाहेबाला त्यांच्यासमोर डबा हातात धरून मिरवायचं होतं. त्याने स्टोअरमधून मिलचा स्पेअर डबा काढला. स्पेअर म्हणजे मिलच्या डब्याची हुबेहूब नक्कल: तोच प्रोग्रॅम, तोच पत्ता. मूळचा बिघडला तर काढून हा बसवायचा, इतकाच त्याचा उपयोग. साहेबाने तो मीटिंगच्या टेबलावर ठेवला, वीज दिली आणि भिंतीतल्या नेटवर्कच्या खाचेत वायर खोचली. हाक नाही, विचारणा नाही. हे सगळं मला दोन वर्षांनी कळलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं की मिलजवळ कुणीतरी किंचाळतंय, आणि तो आवाज दादाचा आहे.

मिल म्हणजे तीन जाड रूळ, त्यांच्यामधून साबण दळला जातो. साबण आला की रूळ आपोआप फिरतात, संपला की थांबतात. दादाला रुळांना चिकटलेला थर खरवडायचा होता. त्याने कंट्रोल रूमला फोन केला, "मिल बंद करा." तिथल्या माणसाने स्क्रीनवर बंद केली. स्क्रीनवर आलं, बंद. रूळ तर थांबलेलेच होते. दादाने हात घातला. पण बंद करण्याचा निरोप मिलला पोचलाच नव्हता. तो मीटिंगच्या टेबलावरच्या डब्याला पोचला होता, आणि त्याने इमानदारीत उत्तर दिलं होतं, बंद झालो. इकडे मिक्सरमधून साबण आला आणि रूळ फिरले. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दादाने भिंतीवरचा मुख्य खटका खाली ओढायला हवा होता, हे खरं. पण तो ओढला की मिल पुन्हा सुरू करायला वीस मिनिटं लागायची, म्हणून कुणीच ओढत नसे. टायसाहेबच कुणाला ओढू देत नसे.

तिसऱ्या दिवशी त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. मी दवाखान्यातून सरळ आले होते, डोळे सुजलेले, तोंडात शिव्या. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. हळूच म्हणाला, "त्या सकाळी मॅडमनी मिलच्या कपाटात काहीतरी बदललं. सगळ्यांना माहीत आहे, पण बोलणार कोण? तुझ्या भावाचा हात गेलाय. तू पाहिलंस ना तिला तिथं?"

रॅपिंग आणि मिल यांच्यामध्ये पक्की भिंत आहे. मी काहीही पाहिलं नव्हतं. पण मला कुणाच्या तरी नरडीला धरायचं होतं, आणि त्याने नरडं दाखवलं. मी म्हटलं, "हो, पाहिलं." त्याने लिहिलं, मी सही केली. खोटं बोलतेय असं वाटलंही नाही. वाटलं, आज उट्टं निघालं. कसलं उट्टं? मॅडम म्हणतात याचं. महिन्याभराने मी रॅपिंगची सुपरवायझर झाले. ते का झालं हे मला कळत होतं, आणि मी ते पद घेतलं.

वहिनीला काढलं. तिने चौकशीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं, "स्पेअर डबा आणा, मी दाखवते." कुणी आणला नाही. तिला गेटच्या आत पाऊल टाकायची बंदी झाली. दादाने माझं खरं मानलं, सख्खी बहीण कशाला खोटं बोलेल? त्याला गेटवर टाइमकीपर केलं. घरी त्याने आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत आणलं. वहिनीशी बोलायचा ते "ताट वाढ" इतकंच.

ती माहेरी जाईल अशी माझी खात्री होती. गेली नाही. मी एकदा टोचून म्हटलंच, "कशाला राहतेस इथं तोंड घेऊन?" ती भाजी चिरत होती. म्हणाली, "वन्सं, काम अर्धं टाकून जायची मला सवय नाही." ती मला वन्सं म्हणायची ते चिडवायला, आणि तेव्हापासून त्यातला चिडवण्याचा भाग गेला.

तिने एका लहानशा ठेकेदाराकडे नोकरी धरली. त्याहून चांगल्या दोन ठिकाणांहून बोलावणं असताना हाच का, ते मला कळेना. कारण साधं होतं. आमच्या कारखान्यात नेटवर्कचं काम बाहेर द्यायचं झालं तर याच ठेकेदाराला देत. ती दोन वर्षं त्या दाराशी बसून होती, मांजर बसतं तशी.

मग टायसाहेबाने नवं पेटी भरायचं यंत्र आणलं आणि स्वतः जोडलं. दुसऱ्या दिवसापासून कारखाना झपाटल्यासारखा वागायला लागला. वजनकाटा मधेच मुका, प्रेस मधेच थांबलेली. चार दिवस माल निघेना. साहेब म्हणाला, वायर जुनी, स्विच हलका, आधीच्या बाईने घाण करून ठेवलीय. नाचता येईना अंगण वाकडं. शेवटी मालकाने ठेकेदाराला फोन केला आणि सकाळी नऊला गेटवर वहिनी उभी राहिली. गेट उघडणारा दादा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

बिघाड तिला दहा मिनिटांत सापडला. नव्या यंत्राला साहेबाने वजनकाट्याचा पत्ता दिला होता. तिने तो आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठी खिशात ठेवली.

"झालं का?" टायसाहेबाने विचारलं.

"सांगते. आधी मालकांना बोलवा. मिलचा स्पेअर डबा मागवा. आणि गेटवरच्या टाइमकीपरला इथं उभं करा. नाहीतर मी वायरीला हात लावत नाही."

साहेब म्हणाला, स्पेअरचा काय संबंध? मालक म्हणाला, चार दिवस माल बंद आहे, बाई मागेल ते द्या. आम्ही सगळे मिलजवळ गोळा झालो. मीही, सुपरवायझरचा कोट घालून.

वहिनीने आधी स्पेअरला वीज दिली आणि त्याच्या पोटातली नोंद लॅपटॉपवर काढली. तो कधी चालू झाला, कधी बंद, हे डबा स्वतःच लिहून ठेवतो. दोन वर्षांत त्याला कुणी वीज दिली नव्हती, त्यामुळे आजच्या आधीची शेवटची नोंद त्याच दिवसाची होती. चालू दहा वाजून दहा मिनिटांनी. बंद अकराला आठ कमी. दादाची बोटं गेली दहा चाळीसला. ती मालकाला एवढंच म्हणाली, "त्या वेळी स्टोअरच्या वहीत हा डबा कुणाच्या सहीने बाहेर आहे, ते बघून घ्या."

मग तिने स्पेअरची वायर नेटवर्कमध्ये खोचली. नव्याने आलेला डबा आल्या आल्या आपलं नाव मोठ्याने सांगतो, म्हणून निरोप त्याच्याकडे वळतात. तिने कंट्रोल रूमला फोन केला, "मिल बंद करा." तिच्या लॅपटॉपवर कंट्रोल रूमचीच स्क्रीन उघडलेली होती, तिथे आलं, बंद. रूळ थांबलेले होते, साबण यायचा होता. सगळं शांत.

"साहेब, बंद दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग घाला हात. थर चिकटलाय रुळांना."

तो हसल्यासारखं करून मालकाकडे बघायला लागला.

"घाला की. दीड वर्ष मला सांगत होतात, वेळ घालवू नका, मुख्य खटका ओढू नका. नाही ओढलेला. स्क्रीन बंद म्हणतेय. माझ्या नवऱ्याने घातला होता, तुम्ही का नाही घालत?"

मिल तातडीने थांबवायचं लाल बटण शेजारीच होतं, पण तिचा एकही हात त्याच्याजवळ नव्हता. हे मी नीट पाहिलं, आणि या वेळी खरंच पाहिलं. त्याने हात घातला असता तर तिने बटण दाबलं असतं का, हे मी तिला कधी विचारलेलं नाही. मला उत्तर माहीत आहे असं वाटतं.

टायसाहेबाने दोन्ही हात खिशात घातले. तेवढ्यात मिक्सरमधून साबण आला आणि स्क्रीनवर बंद दिसत असताना तिन्ही रूळ खडखडत फिरायला लागले. मालक दचकून मागे सरला. दादा जागचा हलला नाही.

त्याने साहेबाकडे एकदाही पाहिलं नाही. तो माझ्याकडे वळला.

"तू पाहिलं होतंस ना तिला? कपाट उघडताना?"

मी खाली मान घातली.

"वर बघ. पाहिलं होतंस?"

"नाही."

यंत्रांच्या आवाजातही ते सगळ्यांना ऐकू गेलं. वहिनी तोपर्यंत स्पेअरची वायर काढून गुंडाळत होती. मग ती नव्या यंत्राकडे गेली, त्याचा पत्ता बदलला, चिठ्ठी चिकटवली, आणि अर्ध्या तासात माल सुरू झाला.

टायसाहेब त्याच आठवड्यात गेला, त्याच्यावर खटला चालू आहे. टाय घालून तारखांना जातो म्हणे. वहिनीला मालकाने परत बोलावलं, साहेबाच्या जागेवर. दादाने अंथरूण आत नेलं, पण ते महिन्याने, आणि तिने बोलावल्यावर. तिने त्याला लगेच का बोलावलं नाही, हे त्याला समजलं असावं.

मी राजीनामा लिहिला होता. माझी साक्ष खोटी निघाल्यावर मालक मला काढणारच होता, मी आधी निघाले इतकंच. गावाबाहेर कुठेतरी नोकरी धरावी आणि या दोघांचं तोंड पुन्हा पाहू नये असं ठरवलं होतं. संध्याकाळी वहिनी माझ्या खोलीच्या दारात आली. मला वाटलं, आता एक थोबाडीत बसेल, आणि बसली असती तर बरं झालं असतं.

"राजीनामा मी फाडला," ती म्हणाली. "मालकांना सांगितलंय, हिला काढू नका. सुपरवायझरकी गेली, बाकी नोकरी तशीच. वन्सं, तुम्ही कुठंही जायचं नाही."

"माफ केलंस?" मी विचारलं. मूर्खच मी.

"नाही," ती म्हणाली आणि जेवायला वाढायला गेली.

आता रोज सकाळी आठला मी गेटवर उभी राहते. बाकीचे कामगार आपली नावं स्वतः लिहितात. माझं नाव दादा लिहितो, तशी वरून सूचना आहे. तो डाव्या हाताने एकेक अक्षर काढतो, वेळ लागतो, मागे रांग खोळंबते. लिहून होईपर्यंत मला तिथून हलता येत नाही.