फावड्यावरचा हॉकीपटू

विल्यो हाकालाचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. बायको आइली चूल पेटवून कॉफी ठेवायची. काळा पाव आणि खारवलेला मासा खाऊन तो सहाच्या पाळीला सोन्याच्या खाणीत उतरायचा. संघातले बाकीचे खेळाडू तेव्हा झोपलेले असत.

खाणीच्या आइस हॉकी संघाचा उत्तर ऑन्टारिओत दरारा होता. कंपनी चांगला खेळणारा हेरायची आणि त्याला दिवेखोलीत चिकटवायची. कामगारांचे दिवे पुसायचे, पाळीला वाटायचे, दुपारी सरावाला जायचं. विल्योलाही तेच काम मिळालं होतं. एक हिवाळा त्याने ते केलं आणि मग प्रशिक्षक डफीसमोर जाऊन उभा राहिला.

"मला खाली पाठवा. फावड्यावर."

"डोकं फिरलंय का? लोक दिवेखोलीसाठी माझ्या पाया पडतात!"

"गुडघा गेला की दिवेखोली जाते. गेल्या एप्रिलात हंगाम संपल्यावर तिघांना काढलं, बघितलं मी. घर कंपनीचं, तेही जातं. मग आइलीला घेऊन कुठे जाऊ? मला टिकणारं काम पाहिजे."

डफीने त्याला खालीवर न्याहाळलं. "जा. पण सामन्याच्या शेवटच्या वीस मिनिटांत एकदा जरी दमलेला दिसलास, तर परत दिवे पुसायचे. मग तोंड उघडायचं नाही."

खाली त्याचा जोडीदार होता माटे, पन्नाशीचा क्रोएशियन. पाळीला सोळा टन फोडलेला दगड रुळावरच्या गाड्यांत भरायचा. विल्यो पहिल्या दिवशी सामना सुरू झाल्यासारखा ढिगावर तुटून पडला. दहा वाजता तो फावडं टेकून धापा टाकत उभा राहिला.

"काय चॅम्पियन, शिट्टी वाजली का?" माटे म्हणाला. "इथे टाळ्या वाजवायला कोणी नाही. फावडं खाली अंथरलेल्या पत्र्यावरून सरकव, दगडात खुपसू नकोस. जोर मांडीचा लाव, पाठ वाकवू नकोस. आणि वीस फावडी झाली की हात बदल."

"डावीकडून जमत नाही, माटेकाका."

"मग जमेपर्यंत माझीपण गाडी भर."

दोन महिने लागले. डावा हात उजव्याइतका चालू लागला, तेव्हा माटेने शाबासकी दिली नाही. डब्यातला सॉसेजचा तुकडा पुढे केला.

मार्चमध्ये जिल्ह्याच्या अजिंक्यपदाचा सामना होता. शेवटची वीस मिनिटं सुरू झाली तेव्हा दोन-दोन बरोबरी होती. विल्यो पाच दिवस खाली राबून आला होता. डफी बाकावरून त्याच्या पायांकडेच बघत होता. नऊ मिनिटं उरली असताना समोरच्याची स्टिक विल्योच्या उजव्या मनगटावर बसली. बोटं मिटेनात. तो वाकून थांबला.

"दमला! बाहेर ये, हाकाला!" डफी ओरडला.

विल्यो गेला नाही. त्या काळी स्टिकचं पातं सरळ असायचं, दोन्ही बाजूंनी सारखं. त्याने हात बदलले. उजवा वर, नुसता टेकवलेला. डावा खाली, जोर द्यायला. रबरी चकती आली. गुडघे वाकवून, मांडीच्या जोराने त्याने ती हाणली. गोलरक्षक उजव्या हाताच्या फटक्यासाठी सरसावला होता. चकती त्याच्या दुसऱ्या बाजूने जाळीत गेली.

सगळे उभे राहून ओरडत होते. त्यात माटेचा आवाज सगळ्यांच्या वर: "पाठ वाकली, गाढवा!"

सामना संपल्यावर डफी कपडे बदलायच्या खोलीत आला.

"हे कुठे शिकलास?"

"खाली. माटेकाकांच्या हाताखाली."

"सोमवारी किती वाजता उठायचंय?"

"सव्वाचार."

"मग घरी जा, मनगट शेकून घे."

दिवेखोलीचं नाव डफीने पुन्हा काढलं नाही. सोमवारी विल्योने बहुतेक दगड डावीकडूनच भरला. माटेने त्या दिवशी दोन गाड्या जास्त भरल्या आणि दिवसभर शिव्या घातल्या.

संघाने आणखी तीन हिवाळे अजिंक्यपद राखलं. एकतिसाव्या वर्षी विल्योचा गुडघा गेला. बर्फावर वळता येईना, पण फावडं मारता येत होतं. त्या एप्रिलात दिवेखोलीतून काढलेले दोघं पेट्या बांधून आगगाडीत बसले. विल्यो नेहमीच्या पाळीला गेला. पुढे सतरा वर्षं जात राहिला. त्या पगारातून त्याने तळ्याकाठी तीस एकर जमीन घेतली. झाडं तोडून, ओंडके रचून तीन खोल्या उभ्या केल्या, बटाटे लावले. आइलीने दोन गाई आणल्या. सगळं दोघांच्या नावावर.