आधी स्वतःचं बोट

मॅडमना मी दर आठवड्याला जीपने मोलगीच्या बाजाराला नेतो. त्या मूळच्या डोंगरातल्याच, आता लोणखेड्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. त्यांना सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे; गारठा नि तहान लागली की अंग ठणकतं. भर उन्हातही स्वेटर सुटत नाही, पाण्याची बाटली हातातच. घाटात खड्ड्यात जीप आदळली की कण्हत नाहीत, फक्त जरा मोठ्याने बोलायला लागतात.

"भाऊ, पोटमाना बाळनं रगत चांगलं राहस. जलम व्हयना का एक जीन ते दाबी देस. नवी दवाई त्या जीनलेच गप करस."

"मंग आपलाकडे कधी येई?"

"माले काय माहीत?"

बाजारात रक्त तपासायचं टेबल मांडलं की माणसं सुई बघून लांब सरकतात. तेव्हा मॅडम सगळ्यांदेखत आधी स्वतःचं बोट पुढे करतात. तपासणाऱ्याला त्यांचा आजार ठाऊक आहे, तरी तो मुकाट्याने टोचतो. रक्ताचा थेंब पडून नळीतलं पाणी गढूळ झालं, म्हणजे सिकलसेल निघाला, की त्या ती उंच धरतात. "हे माझं," पावरी बोलीत सांगतात. मग त्या नव्या दवाईबद्दलही सांगतात.

परवा आजारी लेकीला कडेवर घेतलेल्या एका बाईने विचारलं, "ती गप करणारी दवाई आली का?"

"नाही."

मला मॅडमचा रागच आला. थोडा धीर द्यायला काय जातं?

"मग टोचून काय करू?" बाई म्हणाली.

"दवाई येईल ती शहरात येईल," मॅडम म्हणाल्या. "डोंगरात ती कुणाला हवी, हे आपण टोचून, नाव लिहून आधीच सांगून ठेवायचं."

बाई टेबलाजवळ सरकली. मग तिने लेकीचं नाही, आधी स्वतःचं बोट पुढे केलं.